गंगाराम मार्करचं गाऱ्हाणं

मालवणजवळच्या मसुऱ्याचा गंगाराम परब मुंबईच्या एका क्लबात स्नूकरच्या टेबलापाशी वीस वर्षं उभा होता. उभा म्हणजे अक्षरशः उभा. मेंबर खेळत, आणि हा मार्कर गुण मोठ्यानं पुकारी, टेबलाच्या खिशांत पडलेले चेंडू काढून जागेवर मांडी. नवशिक्यांना हात कसा टेकायचा तेही तोच शिकवी. त्यानं शिकवलेल्यांचीच नावं दरसाल भिंतीवरच्या सागवानी पाटीवर सोनेरी अक्षरांत चढत, आणि ती पाटी पुसायचं कामही त्याच्याच गळ्यात होतं.

१९५८ साली कमिटीला काय लहर आली कोण जाणे, क्लबची स्पर्धा सर्वांना खुली झाली. गंगारामनं नाव दिलं. यंदा पाटीवर आपलं नाव लागणार, असं त्यानं गावी आईला, नर्मदेला, कळवूनही टाकलं. ती लगोलग गावच्या देवाला पाच नारळांचा नवस बोलली आणि वाडीभर सांगत सुटली.

शेवटच्या सामन्यात समोर गेल्या तीन वर्षांचे विजेते, एक गिरणीवाले शेठ. गंगारामचेच चेले. ऐन रंगात गंगारामच्या बाहीचा एका चेंडूला ओझरता स्पर्श झाला. कुणीच पाहिलं नव्हतं. पण खरं तेच पुकारणं अंगवळणी पडलेलं. त्यानं स्वतःच फाऊल पुकारला आणि चार गुण शेठना दिले. तरीही तोच जिंकला.

टाळ्या झाल्या, आणि मग सेक्रेटरींनी नियमांचं पुस्तक काढलं. स्पर्धा हौशी खेळाडूंची. टेबलापाशी पगार घेणारा हौशी कसा? हे आधी कुणाला सुचलं नव्हतं, कारण तो हरणार याची सगळ्यांना खात्री होती. शेठनी मान खाली घालून कप घेतला, पण घेतलाच. पाटीवर शेठचं नाव रंगवायला रंगारी आला तेव्हा शिडी धरायला गंगारामलाच बोलावलं. मेले लाजलेही नाहीत. त्यानं शिडी धरली. नोकरी होती.

मे महिन्यात तो गावी आला. पत्रानं असलं काही कळवायला त्याचा हात धजला नव्हता. तो जिंकलाच असणार असं धरून आई नारळांसकट त्याला थेट देवळात घेऊन गेली. गावकऱ्यांच्या वतीनं देवापुढं गाऱ्हाणं घालणाऱ्या म्हाताऱ्या भिकाजी गावकारांनी विचारलं, "काय सांगू देवाक? जिंकलंस मां?"

आई टक लावून बघत होती. नुसतं होय म्हणायचं, की सुटला. पण जन्मात खोटा गुण न पुकारलेल्या जिभेला ते जमेना.

"जिंकलंय," तो म्हणाला. "पण नाव लागूक नाय. नोकर म्हणान. तां पण सांगा देवाक."

आईनं तोंडाला पदर लावला. भिकाजी घोटाळले. असलं गाऱ्हाणं त्यांनी कधी घातलं नव्हतं. शेवटी त्यांनी हात जोडले आणि नेहमीच्या सुरात सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराची मुंबयत नोकरी आसा, तिका कसलोच धको लागाक देव नको, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," जमलेले सगळे म्हणाले. त्यांत गंगारामचाही आवाज होता, गुण पुकारताना लागे तसाच खणखणीत.