रेषेबाहेरचे चार ठिपके

आमच्या औरंगपुऱ्यातल्या झेरॉक्सच्या दुकानात मी मोर्चाची पत्रकं छापायला गेलो होतो. शेजारी एक बाई चष्मा कपाळावर चढवून आलेखावरून बोट फिरवत होती. मी विचारलं, तसं तिनं समजावून सांगितलं. तेलाच्या विहिरीत दाबानं पाणी सोडतात, मग पंप बंद करून दाब कसा उतरतो ते मोजतात. त्यावरून संगणकावर गणित मांडून खालचा खडक किती दाब सोसेल, हे ती सांगते. आलेखातले ठिपके मोजलेले, रेष तिच्या गणिताची.

दुकानदार म्हणाला, "मॅडम, हे चार ठिपके रेषेबाहेर उडालेत. शाईचे डाग दिसतात. पुसून देऊ?"

"नाय भाई, हात लावू नका! विहिरीनं दिलेत ते."

तेवढ्यात तिच्या साहेबांचा फोन आला. त्यांचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता. ते चार ठिपके काढा आणि अहवाल आजच पाठवा, असं त्यांचं म्हणणं.

"सर, चुकली असेल तर माझी रेष चुकली. उद्या या आकड्यावर भरवसा ठेवून माणसं तिथं पंप चालवणार. खडक फाटला तर? मी गणित पुन्हा मांडते. लईच घाई असेल, तर सही दुसऱ्याची घ्या."

फोन ठेवून तिनं कागद पालथा केला आणि उभ्यानंच नवी आकडेमोड सुरू केली. दुकानदारानं आपलं स्टूल तिच्याकडं सरकवलं.

सरकारला जाब विचारणारे मी लहानपणापासून पाहिलेत. स्वतःच्या गणिताला जाब विचारणारं माणूस त्या दिवशी पाहिलं, आणि तेही माझ्या गावात.