आर्लिसच्या इस्त्रीवर आलेला आळ

आर्लिस ब्रँटला आमच्या बेलफोर्डमध्ये सगळ्याच जणी थोड्या वचकून असत. चर्चच्या तळघरात दर बुधवारी आम्ही आठ-नऊ जणी गोधड्या शिवायला जमायचो आणि इस्त्रीच्या टेबलावर राज्य आर्लिसचं असायचं. कापडावर इस्त्री फिरवायची नाही. ठेवायची, दाबायची, उचलायची. फिरवली की तिरका कापलेला तुकडा ताणला जातो आणि चौकोनाचा पतंग होतो. उष्णता आधी वाया जाणाऱ्या कोपऱ्यावर बघायची. दोन मिनिटांसाठी उठलात तरी इस्त्री टाचेवर उभी करायची. जाताना प्लग बोटांत धरून काढायचा, वायरला हिसका द्यायचा नाही. यात कोणी चुकलं की ती बोलायची, मग ती पास्टरची बायको का असेना.

तिची स्वतःची इस्त्री जुनी, जड आणि कोरडी होती. तिचा तळ ताटासारखा सपाट, वाफेचं एकही भोक नाही. वाफेने तुकडे आकसतात आणि कधी गंजाचं पाणी टपकतं, म्हणून बाकीच्यांच्या वाफेच्या इस्त्र्या तिला आवडत नसत. आम्ही आपापल्या इस्त्र्या घरी न्यायचो. तिची मात्र कायम तळघरातच असे.

ट्वायला मॅकब्राइड तिची चाळीस वर्षांची मैत्रीण. आर्लिसचा नवरा गेला तेव्हा ट्वायला महिनाभर तिच्याकडे मुक्कामाला होती. तळघराच्या किल्ल्या दोनच होत्या, एक आर्लिसकडे आणि एक ट्वायलाकडे.

त्या वर्षी आम्ही नोरीनची गोधडी करत होतो. नोरीनचा नवरा डेल मका पेरायच्या दिवसांत अचानक गेला होता. त्याचे सदरे कापून आम्ही त्यांच्या लेकीच्या लग्नासाठी गोधडी जोडली. मधला तारा त्याच्या निळ्या चौकड्याच्या सदऱ्याचा. त्या सदऱ्याची चिंधीसुद्धा उरली नव्हती.

एका बुधवारी आम्ही खाली उतरलो तर जळकट वास आला. टेबलावर गोधडी पसरलेली, निळ्या ताऱ्यावर आर्लिसची इस्त्री पालथी, प्लग भिंतीत तसाच. उचलली तर खाली तपकिरी डाग, मधोमध काळा. तळघरातली वायरिंग जुनी, म्हणून निघताना मुख्य बटण बंद करायची आमची पद्धत होती. त्यामुळेच चर्च वाचलं असं सगळ्यांनी ठरवलं. आदल्या बुधवारी शेवटी कोण निघालं होतं? आर्लिस.

तिने त्या डागावरून लगेच नजर काढून घेतली. मग म्हणाली, "मी उभी ठेवली होती असं मला आठवतंय. पण मग ही अशी कशी?" ट्वायलाने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि वयाबरोबर होतं असं, म्हणून तिला जवळ घेतलं. आर्लिसने सगळ्यांसमोर नोरीनची माफी मागितली. नोरीनने गोधडीची घडी केली आणि घरी नेली. मीही तिथे होते. माझ्याही मनात आलं, की झालं, आर्लिस म्हातारी झाली.

त्यानंतर ती बदलली. स्वयंपाकघरात जागोजागी चिठ्ठ्या लागल्या: गॅस बंद केला का, दार लावलं का. लेक जोलीन डेमॉइनहून आली, तिने आईला स्मरणशक्तीच्या तपासणीला नेलं. निकाल धड इकडचा ना तिकडचा. तरी जोलीनने गाडीच्या किल्ल्या काढून घेतल्या आणि आर्लिसने त्या वाद न घालता दिल्या. तेव्हापासून दर गुरुवारी ट्वायला तिला बाजारात न्यायची. बुधवारचं पुढारपण आपसूकच ट्वायलाकडे गेलं, कारण आर्लिसने येणंच सोडलं होतं. जुनी इस्त्री तिच्या घरच्या तळघरात जाऊन पडली.

नवी इस्त्रीही ट्वायलानेच निवडून दिली. दुकानात मी बरोबर होते. आर्लिस हातात घेऊन वजन बघत होती, तळ उलटून बघत होती, वायर किती लांब आहे ते बघत होती. जड इस्त्री असली की आपल्याला जोर लावावा लागत नाही, असं तिने विक्रेत्या मुलीला सांगायला सुरुवात केली. ट्वायलाने तिला मधेच थांबवलं. "आपोआप बंद होणारी द्या हो. आमची ही विसरते." आर्लिसने हातातली इस्त्री खाली ठेवली आणि ट्वायलाने दाखवली ती हलकी घेतली. ती आठ मिनिटं हलली नाही की बंद पडे. आर्लिस शिवण मारून परत यायची तर इस्त्री थंड. आपण चालू केली होती की नाही, हेच तिला कळेना. पुढे तिने शिवणंही सोडलं.

अशी तीन वर्षं गेली. मग नोरीन शेत विकून गावात राहायला आली आणि कपाटं आवरताना तिला ती गोधडी सापडली. ती आर्लिसकडे घेऊन आली. लेकीला ती आहे तशीच हवी होती, फक्त डागावर काहीतरी लाव, असं तिने सांगितलं. राग वगैरे धरून बसलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आर्लिसने मला फोन करून बोलावलं. आमची घरं शेजारी. गोधडी खिडकीखालच्या टेबलावर पसरलेली होती. तिने डागाच्या टोकावर बोट ठेवलं. करपलेल्या कापडात बारीक फिकट ठिपके होते, घोड्याच्या नालासारखे ओळीत. जिथे कापडाला धातू टेकला नव्हता, तिथे ते जळलं नव्हतं. मग तिने जुनी इस्त्री आणून माझ्यासमोर उलटी धरली. तळावर वाफेचं एकही भोक नाही.

"मी त्या दिवशी डाग नीट बघितलाच नाही," ती म्हणाली. "लाजेने बघवलंच नाही."

किल्ल्या दोनच होत्या. नाव दोघींपैकी कोणीच घेतलं नाही.

गुरुवारी ट्वायला बाजाराची यादी घेऊन आली. आर्लिसने मला थांबायला सांगितलं होतं. ट्वायलाने टेबलावरची गोधडी पाहिली, शेजारची जुनी इस्त्री पाहिली आणि कोट न काढताच खुर्चीवर बसली. मग तिने सगळं सांगितलं. त्या दोन बुधवारांच्या मधल्या शनिवारी ती स्वतःच्या गोधडीची किनार इस्त्रीने दाबायला तळघरात एकटी आली होती. टेबल मोकळं नव्हतं म्हणून गोधडीवरच काम उरकत होती. वर ऑफिसातला फोन वाजला, म्हणून इस्त्री पालथी ठेवून ती धावली आणि बोलत बसली.

"मला भीती वाटली गं," ती म्हणाली. "डेलचा सदरा होता तो. नोरीनला काय तोंड दाखवणार होते मी?"

"ते मला कळतं," आर्लिस म्हणाली. "भीतीने माणूस गप्प बसतं. पण तुझी इस्त्री तू घरी नेलीस. माझी उचलून त्या डागावर कोणी ठेवली? प्लग भिंतीत कोणी घातला?"

ट्वायला रडायला लागली. "मला वाटलं, तू नाही म्हणशील, भांडशील, आणि चूक कोणाची ते कळणारच नाही. तू लगेच माफी मागशील असं कुठे वाटलं होतं?"

"आणि नंतर? तीन वर्षं मला गाडीतून फिरवलंस. मी दर वेळी विचारायची, ट्वायला, माझं डोकं जातंय का गं? काय म्हणायचीस तू?"

ट्वायला म्हणायची, मी आहे ना. मीही ते अनेकदा ऐकलं होतं.

आर्लिसने एकच मागितलं: मी जिथे माफी मागितली, तिथेच, त्याच बायकांसमोर तू खरं सांग. ट्वायलाने मान हलवली. पण त्या बुधवारी ती आली नाही, पुढच्याही नाही. तिने नोरीनला दोन ओळींचं पत्र पाठवलं, त्यात अपघात असा शब्द होता, आर्लिसची इस्त्री डागावर नेऊन ठेवल्याबद्दल काही नव्हतं. शेवटी तळघरात मीच सगळं सांगितलं. बायकांपैकी दोघी म्हणाल्या, एवढ्या वर्षांनी आता कशाला उकरायचं. पास्टरनी क्षमेबद्दल समजावलं. आर्लिसने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तिने मागितली की देईन."

जोलीनने आईला पुन्हा तपासणीला नेलं. तीन वर्षांत काही बिघडलं नव्हतं. किल्ल्या परत देताना जोलीनला आईच्या डोळ्यांत बघता येईना. लायसन्सची मुदत संपली होती. त्र्याहत्तराव्या वर्षी आर्लिसने परीक्षा दिली, एकदा नापास झाली, दुसऱ्यांदा पास झाली.

नोरीनच्या गोधडीवर तिने निळा तुकडा लावला. खालचा डाग मात्र कापून काढला नाही. आता दर मंगळवारी ती वीस मैलांवरच्या गावात गोधडीचा वर्ग घेते आणि स्वतःची जड इस्त्री घेऊन जाते. मीही अधूनमधून जाते तिच्याबरोबर. वर्ग संपला की ती प्लग काढते, इस्त्री टाचेवर थंड होऊ देते, डब्यात ठेवते, दार लावते. गाडीपर्यंत येते, थांबते आणि मला म्हणते, "तू बघितलंस ना, मी प्लग काढला ते?" मी हो म्हणते. तरी ती किल्ली घेऊन परत जाते, बघून येते.