अकरा परवानग्या

कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी आमचे कॉम्प्युटरवाले खुर्ची फिरवून आमच्याकडे तोंड करत आणि शिरगणतीला आल्यासारखे विचारत, “साईं, घरात कोण कोण?” उल्हासनगरात त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं. तिथल्या सिंधी शेजाऱ्यांचं आदराने हाक मारायचं ‘साईं’ त्यांच्या मराठीत कायमचं मुक्कामाला आलं होतं. बाबाही साईं, आमचं मांजरही साईं.

तुमच्याकडेही असा एक कॉम्प्युटरवाला येत असेल. आपल्याला घाई असते आणि तो आधी पाणी मागतो.

बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. ते आतल्या खोलीत पडून, जेवणावरून मन उडालेलं. आईला जाऊन वर्ष झालं होतं आणि तिचे सगळे फोटो हॉलमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर. ते बाबांच्या लॅपटॉपवर दिसावेत एवढीच माझी धडपड होती. फायरवॉल अडवतेय असं कळल्यावर मी ती बंदच करून टाकली. तरीही फोटो दिसेनात, म्हणून त्यांना बोलावलं.

“कोणी केलं हे?”

“मी.”

“साईं, नाडीची गाठ सुटेना म्हणून पायजमा फाडलात!”

मग त्यांनी वाय-फायवर कोण कोण आहे ते पाहिलं आणि चष्मा काढला. “घरात तुम्ही दोघं. हे बाकीचे नऊ कोण?”

आतून बाबांचा आवाज आला, “पुरात वर आले होते ते!” आमच्या मांजर्लीत पाणी चढलं तेव्हा खालची बिऱ्हाडं दोन दिवस आमच्याकडे होती. आईने पिठलं-भातासोबत वाय-फायचा पासवर्डही वाढला. तो परत कोण मागणार?

“म्हणजे फायरवॉल बंद ठेवली असती तर कॉम्प्युटरचं दार सगळ्यांना सताड उघडं,” ते म्हणाले. त्यांनी ती चालू केली, बाबांच्या लॅपटॉपला एक नंबर ठरवून दिला आणि फक्त त्या नंबराला फोटोंची परवानगी लिहिली. पाचच मिनिटांत आतल्या खोलीत आई हजर झाली, हातात पळी घेऊन कोणावर तरी डाफरताना. बाबा खो खो हसले. महिन्यानंतर ते हसणं ऐकून मला रडूच आलं.

“आता खालच्या सावंतवहिनींना पण दिसू दे,” बाबा म्हणाले. “पळीचा मार त्यांच्या पोरालाच होता.”

“साईं, सगळ्यांनाच सोडू? एका टिचकीत होईल.”

“छे, एकेक घ्या.”

मग बाबा नाव सांगत, त्या माणसाची एखादी गंमत सांगत, आणि कॉम्प्युटरवाले परवानगी लिहीत. बोलावलेले शेजारी फोन घेऊन आले. चहा तीनदा झाला. बाबांनी चौथ्या नावाला पोळी मागितली.

बाबांची धरून दहावी परवानगी लिहून झाल्यावर कॉम्प्युटरवाले अकरावी पुसायला लागले. ती त्यांच्याच लॅपटॉपची होती, तपासण्यापुरती. काम संपलं की ते ती न चुकता काढून टाकत.

“राहू द्या ती,” बाबा म्हणाले.

“साईं, मी बाहेरचा माणूस.”

“बाहेरच्या माणसाला बायकोचे एवढे फोटो कोणी दाखवतं का?”

परवानगी तशीच ठेवून त्यांनी लॅपटॉप मिटला.

पुढे दुकान विकून ते मुलीकडे नागपूरला गेले. ही परवानगी आमच्या घराबाहेर चालत नाही. परवा मी जुनी यादी साफ करायला बसले, तर बाबा काठी टेकत आले.

“त्यांची काढू नकोस गं,” ते म्हणाले. “आले की आई दिसायला हवी त्यांना.”