कपावरचं चौथं नाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून तर माझी शुगरसुद्धा लपत नाही. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या विजयात वीतभर खोट आहे.

पण आधी विजय सांगतो. तेवढं तरी सांगू द्या!

मस्कतमधल्या कुरुमच्या आमच्या ऑफिसातले मोठे साहेब जपानी, ओनो-सान. तरुणपणी ते ज्या कंपनीत होते, तिनं जपानात व्यावसायिक गोल्फची स्पर्धा सुरू केली होती. तीन वर्षं चालली. मग कंपनी बुडाली आणि स्पर्धा खलास. कपावर तीन विजेत्यांची नावं, खाली कोरी जागा. तो कप साहेबांनी मस्कतला आणला. म्हणाले, "ही कोरी जागा बघवत नाही. चौथं वर्ष आपण खेळू."

मैदान कसलं, नुसती वाळू! गवताचं नाव नाही. प्रत्येकानं हिरव्या चटईचा तुकडा बरोबर घेऊन फिरायचं. चेंडू हद्दीच्या खुंट्यांच्या आत पडला तर चटईवर ठेवून मारायचा. बाहेर गेला तर दगडगोट्यांतून, असेल तसा.

शेवटच्या होलला मी आणि आमचा स्टोअरकीपर, वसईचा फ्रान्सिस, बरोबरीत होतो. आणि काय बसला हो माझा तो फटका! चेंडू उंच गेला, होलभोवती हिरवळीऐवजी असते त्या तेल मारलेल्या काळ्या वाळूवर उतरला, घरंगळत थेट झेंड्यापाशी. एका फटक्यानं जिंकलो! हरलेल्या फ्रान्सिसनंच मला उचललं. "कांबळे, जपान्यांच्या कपावर आपलं नाव रे!" मस्कतच्या हमरिया भागात सगळ्यांना बिर्याणी झाली. माझी लेक अडखळत म्हणाली, "बाबा, तू... जपानचा चॅम्पियन झाला?" मी हो म्हटलं. का नाही म्हणणार?

खरं सांगू? आजही तो कप दिसला की आधी छाती फुगते. लाज मागून येते — पण येतेच.

आता साहेब निवृत्त होताहेत. कप परत जपानला, ती स्पर्धा व्हायची त्याच जुन्या मैदानावर ठेवायला नेणार आहेत. सोबत त्या स्पर्धेचा इतिहास, त्यांच्या हातानं लिहिलेला. काल त्यांनी मला वाचून दाखवला. तीन वर्षं, तीन नावं. मग, "चौथं वर्ष, ओमान" — आणि मी. चार नावांचा तर सगळा इतिहास! त्यातलं एक...

त्या फटक्याआधी माझा चेंडू खुंटीच्या बाहेर होता. वीतभर. दोन दगडांच्या मध्ये. फ्रान्सिस पाठ करून बुटातली वाळू झटकत होता. मी चेंडू उचलला, चटई आत टाकली, तिच्यावर ठेवला. घाईत नाही — अगदी नीट ठेवला.

फटके एकमेकांचे लिहायचे, म्हणून माझं कार्ड फ्रान्सिसकडे होतं. फटक्यानंतर त्यानं विचारलं, "आत होता ना?"

"आत," मी म्हणालो.

त्यानं खुंटीकडे बघितलंसुद्धा नाही. आकडा लिहिला, खाली सही केली आणि मला उचलायला धावत आला.