पंधरा दिवस होते

माझ्या बायकोला माझ्याबद्दल जवळजवळ सगळं ठाऊक आहे. हे ठाऊक नाही. थोरल्या भावाला नाही, संस्थेतल्या जुन्या सोबत्यांना नाही – कुणालाच नाही. तीस वर्षं झाली. मधे दोनदा सांगायचं म्हणून मी तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा दुसरंच काहीतरी सांगून मोकळा झालो. आताही आधी तेच दुसरं सांगणार आहे. सरळ मुद्द्यावर यायची मला अजून भीती वाटते.

मागच्या महिन्यात आदिलाबादला संस्थेचा कार्यक्रम झाला. मला शाल दिली. बोलणारे म्हणाले, बौद्ध वस्तीतल्या, गोंडांच्या गुड्यांतल्या – पाड्यांतल्या – मुलींना या माणसाने देणग्या जमवायचं काम शिकवलं, त्यातून त्यांना पगाराच्या नोकऱ्या मिळाल्या. हे खोटं नाही. तीन मुली आमच्याकडेच आहेत, दोघी हैदराबादला मोठ्या संस्थांत. त्यांना मी शिकवलं. पण मला कुणी शिकवलं? ते कुणी विचारलं नाही. मी शाल सावरत खाली बसलो.

मला शिकवलं रत्नमालाने.

ती आमच्याच गावची, बौद्ध वस्तीतली. वडील शाळेत शिपाई. दहावीचं एक वर्ष ती आदिलाबादजवळच्या मावल्याला, आमच्या संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहात राहिली आणि पास झाल्यावर तिथेच कामाला लागली. तेव्हा ती एकोणीस-वीस वर्षांची असेल. मी संस्थेचा कार्यवाह होतो, वय पस्तीसच्या आत, घरी कापूस आणि ज्वारीची शेती. मुलींना दोन वेळचं जेवण घालायचं हीच मोठी अडचण होती. मी काय करायचो? अर्ज करायचो. कलेक्टर कचेरीत तेलुगूतून, बाहेरच्या संस्थांना इंग्रजीतून. अर्ज जायचे, उत्तरं यायची नाहीत.

एक दिवस रत्नमाला म्हणाली, "भाऊ, सुगी चालू हाय. मी खळ्यावर जाऊन पाहू का?"

तिच्या घरात यावरून काय झालं ते मला नंतर कळलं. खळ्यावर जाऊन धान्य घेणं हे तिच्या आजोबांचं गावकीचं काम होतं. राशीपासून लांब उभं राहायचं, शेतमालक पटेल टाकेल तेवढं पदरात घ्यायचं. धर्म बदलल्यावर आजोबांनी ते एका वर्षात सोडलं. पोरं उपाशी राहिली, पण सोडलं. आणि आता नात पोतं घेऊन निघालेली! वडील म्हणाले होते, "माह्या बापानं खळ्यावर जाणं सोडलं म्हणून मी शाळेत गेलो. अन् तू काऊन जाऊन राह्यली?" ती म्हणाली, "मी मागाले नाही चालली बाबा, गोळा कराले चालली. माह्याजवळ पावती पुस्तक हाय." वडील तिच्याशी चार दिवस बोलले नाहीत.

पण काय काम करायची ती! रास पोत्यात भरायच्या आधी पोहोचायची. पोत्याचं तोंड शिवलं की कुणी ते पुन्हा उसवत नाही, हे तिला कळलेलं होतं. आधी घरच्या बायकांशी बोलायची. मागच्या वर्षी त्यांच्या ज्वारीच्या भाकरी कोणकोणत्या मुलींनी खाल्ल्या, त्यांची नावं वाचून दाखवायची. जिनिंगवाल्या शेठजींकडे ती पैसे मागायची नाही. हिंदीत नुसता बारदाना – रिकामी पोती – मागायची. पुढच्या वर्षी शेठ स्वतःच विचारायचा, "अरे बेटी, इस साल बोरे में डालती क्या हो?" मग तो तूरडाळ द्यायचा. दोन सुग्यांत वसतिगृहाची चूल बाहेरच्या पैशाशिवाय चालायला लागली.

आता ते दुसरं सांगतो – जे मी आजवर पुढे करत आलो.

ती आमच्याही खळ्यावर आली होती. मी तिथेच होतो. तिच्या वस्तीतली म्हातारी माणसं माझ्या वडिलांना पटेल म्हणायची. ती काका म्हणाली. वडिलांनी पायलीभर ज्वारी उचलली, हात वर ठेवून तिच्या पोत्यात सोडली आणि हसून म्हणाले, "घे वं. तुह्या आज्याचा वाटा राह्यलाच होता."

खळ्यावरची माणसं हसली. रत्नमालाने पोतं खाली ठेवलं, पुस्तक काढलं, पेनाचं टोपण उघडलं.

"वाटा नोहे काका. देणगी हाय. तुमचं पूर्ण नाव सांगा."

वडील नाव सांगेनात. तिने ते स्वतःच लिहिलं, मोठ्याने वाचलं, आणि पावती त्यांच्या हातात दिली. टाकली नाही – दिली. मी बैलांना पाणी दाखवायच्या निमित्ताने बाजूला झालो होतो.

हे मी पुष्कळदा सांगितलं आहे. सभेतही. 'मी तेव्हा गप्प राहिलो' असं म्हटलं की लोकांचे डोळे ओलावतात, आपल्याला मोठं मन असल्यासारखं वाटतं. या कबुलीने माझं काहीच जात नाही, म्हणून ती सोपी आहे. जी सोपी नाही ती ही –

तिच्या कामाबद्दल मी हैदराबादच्या एका मदत देणाऱ्या संस्थेला पत्रं लिहिली होती. म्हणजे – ती मराठीत सांगायची, मी इंग्रजी करायचो. खाली सही माझी, तिचं नाव कुठेच नाही. त्यांचं उत्तर आलं. पहिल्यांदाच कुणाचं तरी उत्तर आलं होतं. त्यांना हे काम करणारी तरुण बाई हवी होती. वर्षभर हैदराबादला शिक्षण, राहण्याखाण्याची सोय, आणि नंतर चार-पाच जिल्ह्यांतल्या संस्थांसाठी निधी जमवायची कायमची नोकरी. आमच्या भागातल्या, तिच्या समाजातल्या मुलीला अशी नोकरी मिळाल्याचं मी ऐकलं नव्हतं. अट एकच होती: ती संस्थेची कार्यकर्ती असावी, लाभार्थी नसावी.

पत्र मी एकट्याने वाचलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं. रत्नमालाला सांगितलं नाही. स्वतःला सांगितलं, त्या संस्थेच्या बाई पाहणीला येणार आहेत, त्यांना आधी पाहून तर जाऊ देत.

बाई जीपने आल्या. वयस्कर, शांत, इंग्रजीत बोलणाऱ्या. मधे दुभाषा मी. रत्नमालाने ठेवणीतली निळी साडी नेसली होती, दोन पावती पुस्तकं छातीशी धरली होती. बाईंनी विचारलं, हे धान्य गोळा कोण करतं?

मी म्हणालो, मी करतो. हाताखाली माणसं आहेत.

त्यांनी रत्नमालाकडे पाहून विचारलं, आणि ही?

मी म्हणालो – इंग्रजीत, स्वच्छ, न अडखळता – ही आमच्या वसतिगृहातली मुलगी. आमच्या मदतीवर शिकली. अशा मुलींसाठीच तर हे सगळं चाललंय.

पाहा, यात एक वाक्य खरंही आहे. एक वर्ष ती वसतिगृहात होतीच ना? मी त्या एका वर्षाच्या आड उभा राहिलो. बाईंचा चेहरा मायेने भरून आला. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मुलींसाठी आणलेल्या साड्यांतली एक काढून तिच्या हातात दिली. त्यांच्या ड्रायव्हरने फोटो काढला. रत्नमालाने साडी दोन्ही हातांनी घेतली. राशीसमोर ताठ उभी राहिलेली ती पोर – तिला मी एका वाक्यात घेणाऱ्यांच्या रांगेत परत नेऊन उभं केलं. माझ्या वडिलांनी खळ्यावर निदान मराठीत केलं होतं. तिला उत्तर तरी देता आलं.

जाताना बाईंनी शिक्षणाचा फॉर्म टेबलावर ठेवला. तुमच्याकडे कुणी कार्यकर्ती असेल तर पंधरा दिवसांत नाव पाठवा, म्हणाल्या. सगळे ऐकत होते, म्हणून मला त्याचं मराठी करावं लागलं.

जीप गेल्यावर मी खुर्चीत बसलो. रत्नमाला चहाचे ग्लास गोळा करत होती. मग ती थांबली, पुस्तक उघडलं, त्या साडीची पावती फाडली – वसतिगृहास साडी एक, देणार बाईंचं नाव – आणि माझ्यासमोर ठेवली.

"भाऊ," ती म्हणाली, "मले इंग्रजी बोलता येत नाही. समजते."

मी वर पाहिलं नाही.

"फॉर्म पाठवाले पंधरा दिवस हायेत न?"

"आहेत," मी म्हणालो.

"मंग झालं," ती म्हणाली, आणि ग्लास घेऊन आत गेली.

रागावली नाही. जाब विचारला नाही. माणसाच्या तोंडून एखाद्या वेळी चुकीचं निघून जातं, पण पंधरा दिवसांत तो ते नीट करतो – असं ती धरून चालली होती. का धरून चालली? मी तिला तसा वाटत होतो म्हणून.

मी असं का केलं हे मला पुष्कळदा स्वतःलाच विचारावंसं वाटतं, पण उत्तर मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. ती गेली असती तर माझ्याकडे अर्ज उरले असते – न येणाऱ्या उत्तरांचे अर्ज. आणि वर्ष-दोन वर्षांनी ती आमचंच काम तपासायला आली असती. मला उठून तिला खुर्ची द्यावी लागली असती. मला, पटेलाच्या पोराला. सभांमधून मी समतेवर बोलायचो. पण ती खुर्ची माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

ती पुढे दोन वर्षं आमच्याकडेच राहिली. मग बेज्जूरच्या बाजूला एका कचेरीत क्लार्क म्हणून लागली. लग्न झालं, मुलं आहेत, सुखात आहे असं ऐकतो. हे मी माझं ओझं हलकं करायला सांगत नाही. ज्या कामात तिच्यासारखं मी आजवर दुसरं कुणी पाहिलं नाही, ते काम तिने पुन्हा केलं नाही, एवढंच सांगायचंय. फॉर्ममधली ती जागा दुसऱ्या जिल्ह्यात गेली. तिच्याकडून शिकलेलं मी पुढच्या मुलींना शिकवलं. हळूहळू ते माझंच झालं.

आता ते पंधरा दिवस.

तिसऱ्या दिवशी मी टाइपरायटरवर कागद चढवला. तारीख टाइप केली, बाईंचं नाव टाइप केलं. पुढचं वाक्य फार अवघड नव्हतं – माझ्या बोलण्यात चूक झाली, काम करणारी हीच. सात-आठ शब्द. कागद तसाच राहिला. चौथ्या दिवशी रिबन वाळते म्हणून मी तो काढून टाकला.

सहाव्या दिवशी रत्नमालाने दहावीच्या सर्टिफिकेटची नक्कल आणली. मंडल ऑफिसात – आमच्याकडची तहसील कचेरी – दोन खेपा घालून तिने त्यावर साहेबाचा शिक्का घेतला होता. ती माझ्या टेबलावर पेपरवेटखाली ठेवली आणि कामाला गेली.

दहाव्या दिवशी तिचे वडील आले. धुतलेला सदरा, डोक्याला तेल. बाहेरच्या बाकावर बसले. मी बाहेर गेलो तर उठून उभे राहिले. कापसाला यंदा काय भाव लागला म्हणाले, मार्केटात गाड्यांची रांग कुठवर आली म्हणाले. मी उत्तरं दिली. पोरगी खळ्यावर जाते म्हणून चार दिवस न बोललेला तो माणूस कापसाचा भाव विचारायला पायी मावल्याला आला नव्हता. निघताना त्यांनी माझ्या खोलीच्या दाराकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "तुमी हाय म्हनून काळजी नाही, भाऊ." मी मान हलवली. मान हलवली मी!

तेराव्या दिवशी अजून वेळ होता. तार करता आली असती. चौदाव्या दिवशी मी स्वतः बसने हैदराबादला जाऊ शकत होतो. पंधराव्या दिवशी मी पाच वाजेपर्यंत खुर्चीत बसून राहिलो. पोस्ट पाचला बंद व्हायचं. पाच वाजले तेव्हा मला – हे लिहायला लाज वाटते – मला बरं वाटलं.

सोळाव्या दिवशी रत्नमाला नेहमीच्या वेळेला आली. टेबलाकडे पाहिलं. पेपरवेट उचललं, नक्कल काढली, चार घड्या घालून पिशवीत ठेवली. पेपरवेट होतं तिथे परत ठेवलं.

"आज कोन्त्या गावाले जाऊ?" तिने विचारलं.

मी गावाचं नाव सांगितलं. ती बस धरायला गेली.