पाटीवरचा विषय

आमच्या फार्मसी कॉलेजच्या व्हरांड्यात प्राध्यापकांची नावं आणि त्यांच्या संशोधनाचे विषय लिहिलेली पाटी आहे. काल दुपारी एक बाई त्या पाटीवरून बोट फिरवत होती. माझ्या नावापाशी ते थांबलं, तशी मी पुढे होऊन 'ती मीच' म्हटलं.

"सिकलसेलचं तुमीच पाहता ना, मॅडम? माह्या पोरीले हाय. हाडं दुखाले लागले की वरडते. औषध निघालं का?"

मी तिला बसवून पाणी दिलं. एका झाडाच्या सालीचा अर्क उंदरांना देते, त्यांचं दुखणं थोडं कमी होतं, एवढंच सांगता आलं.

"मंग तेच थोडं द्या."

"माणसांना नाही देता येत हो."

दरवर्षीच्या अहवालात मी 'निष्कर्ष आशादायक' असं लिहीत आले, तो शब्द तिच्यासमोर तोंडातून फुटेना. आम्ही ज्याला विषय म्हणतो, ते तिच्या घरात अंथरुणावर तळमळत होतं.

जाताना तिने कागदावर नंबर लिहून दिला. "निघालं की फोन करजा."

मी मान डोलावली. येत्या मे महिन्यात मी निवृत्त होतेय आणि हे काम पुढे कुणीच घेतलेलं नाही, हे मी तिला सांगितलं नाही.