रिकामा हात

सोपानराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात कुणावर तरी ओरडत होतो. फोन ठेवला आणि पुन्हा ओरडायला लागलो... कशावरून, ते आठवत नाही. महिना झाला, एका जागी बसवत नाही.

आम्ही चौसष्ट साली पिंपरीच्या एकाच कारखान्यात लागलो. ते चाकणकडचे, हातकामात पक्के. मी ऑफिसातला कारकून. मशिनचा ओतीव पाया धारदार हत्याराने हातानेच खरवडून सपाट करायचा, हे त्यांच्या खात्यातलं काम. आमची भेट व्हायची ती कँटीनमध्ये, चहाच्या सुट्टीत. पुढे कामगारांच्या सुरक्षिततेचं बघायला मला नेमलं, तेव्हापासून ते मला ‘साहेब’ म्हणू लागले.

पंच्याहत्तरच्या सुमाराची गोष्ट. कप खाली ठेवला की मांडीवरचा त्यांचा उजवा हात थरथरायला लागे. “राव, तबल्याचा क्लास लावला काय?” बरोबरचे चिडवायचे. ते हसायचे. माझी मात्र झोप उडाली. धारदार हत्यार आणि असला हात! एखादं बोट जायच्या आत मी वर लिहून त्यांची स्टोअरमध्ये बदली करवली. ते धावतच माझ्याकडे आले.

“साहेब, काम करताना न्हाई कापत हात. खात्यात येऊन बगा तरी एकदा.”

“बघतो,” म्हणालो आणि वेळ मारून नेली. मी त्यांचं भलंच करत होतो ना!

स्टोअरमध्ये हातमोजे देण्यापलीकडे काम नव्हतं. हात दिवसभर कापायचा. दोन वर्षांनी मीच त्यांना पुण्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. कंपवात निघाला. “यांचा हात स्वस्थ असतो तेव्हा कापतो,” डॉक्टर म्हणाले. “मेंदूने कामाचा हुकूम दिला की थरथर थांबते.” परतताना बसमध्ये म्हणालो, “पुन्हा खात्यात घ्यायला लावतो तुम्हाला.”

“आता बोटं जड झाली, साहेब.” ते म्हणाले. ते ‘साहेब’ मला फार लागलं.

परवा त्यांच्या घरी गेलो. खिडकीपाशी पाट होता, त्यावर एक लोखंडी ठोकळा. मी बोट फिरवलं. कुठे अडलं नाही.

“रोज सकाळी हे खरवडत बसायचे,” वहिनी म्हणाल्या. “हळूहळू व्हायचं, पण तेवढा वेळ हात कसा गप असायचा... तुमी तर बघितलंच असंल, कंपनीत.”

मी “हो” म्हणालो.

वहिनी, ते खोटं होतं. खातं माझ्या टेबलापासून शंभर पावलांवर होतं. मी एकदाही गेलो नाही.